सव्वीस मोजले, होते चोवीस

निफाडात द्राक्षाचा माल उतरेपर्यंत कोणाला कुठे हलता येत नाही. बाग रिकामी झाली, एप्रिलची खरड छाटणी आटोपली, व्यापाऱ्याकडून पैसे सुटले, की मग लग्नं लागतात आणि नवी जोडपी बाहेर पडतात. त्यांच्या आईवडिलांनी महाबळेश्वर पाहिलं. ही पिढी मालवणला जाते, तारकर्लीला जाते, जमलं तर विमानाने अंदमानातल्या स्वराज द्वीपाला. गोदावरीत आणि विहिरीत पोहायला शिकलेली ही मुलं पाठीवर टाकी बांधून पाण्याखाली उतरतात आणि प्रवाळाजवळचे फोटो घरी पाठवतात. मला त्याचा आनंद वाटतो. पण 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी, वीस पर्यटक असलेली बोट किनारा जवळ आलेला असताना उलटली आणि दोघांचा जीव गेला, तेव्हापासून एक गोष्ट या मुलांना सांगायची राहून गेली आहे असं वाटत आलं. त्या अपघातात सगळे डायव्ह सुखरूप झाले होते. घात झाला तो वर, बोटीवर.

पाण्याखालच्या भीतीबद्दल सगळे बोलतात. शार्क, दम कोंडणं, कानात दडा बसणं. बोटीवरच्या माणसांनी आपल्याला नीट मोजलं का, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. म्हणून टॉम आणि आयलीन लोनरगन या नवराबायकोची हकीकत तासातासाने सांगतो. ती ऑस्ट्रेलियातली आहे आणि जुनी आहे, पण त्यातली चूक कुठल्याही किनाऱ्यावर होऊ शकते.

रविवार, 25 जानेवारी 1998, सकाळ. बोट सुटायला सात-आठ तास

क्वीन्सलँड राज्यातल्या केर्न्स शहरातून पर्यटकांना घेऊन बस उत्तरेला पोर्ट डग्लसच्या धक्क्याकडे निघते. तासाभराचा रस्ता. बसमध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातलं हे जोडपं आहे. दोघंही तिशीच्या अलीकडे-पलीकडे, लग्नाला दहा वर्षं होत आलेली. पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक योजनेतून ते पॅसिफिकमधल्या तुवालूला शिकवायला गेले होते, मग फिजीत राहिले. तुवालू हा सगळा देशच प्रवाळाच्या बेटांचा. म्हणजे प्रवाळ आणि समुद्र या दोघांना नवे नव्हते. काम संपलं होतं आणि घरी परतण्याआधी ते थोडं जग पाहत होते. डायव्हिंगची मूळ हौस आयलीनची. तिने टॉमला त्यात ओढलं.

धक्क्यावर ‘आउटर एज’ नावाची बोट उभी आहे. आजचे प्रवासी सव्वीस.

बोट सुटायला चार-पाच तास

किनाऱ्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर सेंट क्रिस्पिन नावाचा प्रवाळ आहे. ग्रेट बॅरियर रीफ ही एक सलग भिंत नाही. तेवीसशे किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेले जवळजवळ तीन हजार वेगवेगळे प्रवाळ मिळून ती झाली आहे, आणि 1981 पासून ती जागतिक वारसा आहे. सेंट क्रिस्पिन तिच्या बाहेरच्या कडेला. तिथून पुढे खोल समुद्र. मधे बेट नाही, झाड नाही. भरतीच्या वेळी उभं राहायला कोरडा खडकही शोधावा लागतो.

पाण्यात उतरल्यावर मात्र डोळ्यांचं पारणं फिटतं. एवढाले डोंगर ज्यांनी रचले ते जीव नखापेक्षाही लहान. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न शिजवतं आणि घरमालकाला वाटा देतं. म्हणून प्रवाळ उथळ, स्वच्छ, उन्हाच्या पाण्यातच वाढतो आणि म्हणूनच माणसाला तो दहा-बारा मीटरवर सहज पाहता येतो. दिवसभरात तीन डायव्ह ठरले आहेत. पहिले दोन होतात. प्रत्येक वेळी लोक वर येतात, टाक्या बदलतात, खातात, बोलतात.

बोट सुटायला तासाभराहून कमी

तिसरा डायव्ह. जागेचं नावच ‘फिश सिटी’, माशांचं शहर. टॉम आणि आयलीन आपले आपण जोडीने उतरतात. अनुभवी जोड्यांना तशी मोकळीक असते आणि त्यात गैर काही नाही. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तिच्यात असते साधी हवाच, दाबून भरलेली. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट लागते. शांतपणे श्वास घेणाऱ्याला ती पाऊण तास पुरते, कधी त्याहून थोडी जास्त. दोघंही सरावलेले आहेत. घाबरून हवा संपवणारे नाहीत. ते पोहत जातात.

बोट सुटायला काही मिनिटं

सगळं इथे घडलं. पुढचे दोन दिवस, पुढची चौकशी, खटला, नवे नियम, सगळं या काही मिनिटांतून निघालं.

डेकवर एक खलाशी माणसं मोजतो. चौकशीत पुढे आलेली हकीकत अशी: त्याची मोजणी चोवीसवर आली. तेवढ्यात दोन प्रवाशांनी, निघण्याआधी शेवटचं एकदा म्हणून, पाण्यात उड्या घेतल्या होत्या. पाण्यातले हे दोघं वेगळे धरले गेले. चोवीस आणि दोन, सव्वीस. आकडा जुळला.

उडी मारणारे ते दोघं आधीच्या चोवीसात मोजून झाले होते.

निफाडच्या कुठल्याही पॅकहाउसमध्ये जा. बागेतून निघालेलं कॅरेट गाडीत चढताना मोजतात, उतरताना मोजतात, शीतगृहात शिरताना पुन्हा मोजतात, आणि दर वेळी कागदावर लिहितात. मोजणारा बदलला तरी कागद बदलत नाही. दोन कॅरेट कमी भरली तर गाडी हलत नाही. त्या बोटीवर त्या दुपारी माणसं तोंडी बेरजेने मोजली गेली. नावं वाचून, माणूस समोर पाहून खूण केली असती, तर टॉम लोनरगन या नावापाशी थांबावं लागलं असतं. आकड्याला चेहरा नसतो. चोवीसात दोन मिळवले की सव्वीस होतात, आणि ते दोन कोण, हे बेरीज विचारत नाही.

खलाशाच्या मनात वाईट काही नव्हतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. दिवसभराचं काम, ओले दोर, टाक्यांचं ओझं, परतीची घाई. म्हणूनच ही चूक मला जास्त भीतिदायक वाटते. दुष्टावा असेल तर तो ओळखू तरी येतो.

दुपारी 3

बोट सुटते. वेळ तीनची, हे आपल्याला कळलं ते आयलीन आणि टॉममुळे. कसं, ते पुढे येईल.

ते वर आले तेव्हा बोट जागेवर नव्हती. पाण्यात तरंगणाऱ्या माणसाचे डोळे पृष्ठभागापासून वीतभरच वर असतात. तिथून क्षितिज दीड किलोमीटरवर येतं. त्यापलीकडची बोट उंच असली तर थोडी जास्त दिसते, पण बोटीवरच्यांना पाण्यातली दोन डोकी तेवढ्या अंतरावरून दिसत नाहीत. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. सुरुवातीला दोघांना वाटलं असेल की बोट दुसऱ्या जागी लागली आहे, किंवा चूक लक्षात येईल आणि वळेल. कोणालाही तेच वाटेल. बोटीवर आपलं सामान आहे, आपल्या चपला आहेत. आपली आठवण कोणाला होणार नाही, हे मन मानतच नाही.

बोट सुटून दोन-अडीच तास

पोर्ट डग्लस. प्रवासी उतरतात, बोट धुतली जाते. दोन माणसांचं सामान बोटीवर पडून आहे. दोन टाक्या कमी आहेत. केर्न्सला परतणाऱ्या बसमध्ये सकाळी आलेले दोघं नाहीत.

या प्रत्येक गोष्टीला वेगळं, पटण्याजोगं कारण देता येतं. पर्यटक विसराळू असतात, पिशव्या राहतात. टाक्या इकडेतिकडे होतात. परतीला कोणी मित्राच्या गाडीने जातं. संकट असंच सुट्या सुट्या खुणांनी येतं, आणि या खुणा एकत्र ठेवून पाहणं हे बोटीवर कोणा एकाचं काम ठरलेलं नव्हतं. यावेळी कोणी पिशवी उघडली असती तर अजून तास-सव्वातासाचा उजेड हाती होता. पाणी शांत नसलं तरी ऊबदार होतं. शोधायची जागा नेमकी ठाऊक होती. दोघं जिवंत होते, अंगात डायव्हिंगचे सूट होते, हवा भरलेली जाकिटं त्यांना वर धरून होती.

बोट सुटून चार तास. सूर्यास्त

उष्ण कटिबंधात संध्याकाळ फार रेंगाळत नाही. सातच्या आत सूर्य बुडतो आणि अर्ध्या तासात मिट्ट काळोख होतो. त्या रात्री चंद्राचीही मदत नव्हती. पौषाची अमावास्या तीन दिवसांवर आलेली. चंद्र उगवला तो पहाटेकडे, आणि तोही कोरीएवढा.

याच वेळी आपल्याकडे दुपारचे अडीच वाजलेले. जानेवारीतली निफाडची रात्र गारठ्याची. पहाटे पारा घसरला की मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात. सेंट क्रिस्पिनजवळचं पाणी मात्र जानेवारीत अठ्ठावीस-एकोणतीस अंशांचं असतं, तिथला तो भर उन्हाळा. हे ऐकून दिलासा वाटतो, आणि तो अर्धाच खरा आहे. पाणी हवेपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने शरीराची ऊब ओढून घेतं. एकोणतीस अंशांचं पाणीही सदतीस अंशांच्या देहाला रात्रभरात थकवतं. सूट असल्यामुळे ते हळूहळू होतं, एवढंच.

रात्र

ओढ त्यांना प्रवाळापासून दूर नेत असणार. भरतीच्या पाण्याला बाहेरच्या प्रवाळांमधल्या फटींतून जावं लागतं, तिथे ते नदीसारखं धावतं आणि सहा तासांनी उलटं फिरतं. माणूस त्याच्याविरुद्ध पोहून दमतो, त्याच्याबरोबर गेला तर जागा सुटते.

तहान हा पहिला शत्रू. दुपारच्या डायव्हआधी प्यायलेलं पाणी केव्हाच संपलेलं. डायव्हरच्या टाकीतली हवा मुद्दाम कोरडी केलेली असते, तीही घसा शोषते. चहूकडे पाणी, पण त्यात साडेतीन टक्के मीठ. ते प्यायलं तर मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडांना त्याहून जास्त पाणी लागतं. शार्कचं नाव सगळे आधी घेतात. नंतर हाती आलेल्या वस्तूंवर तशा हल्ल्याच्या खुणा नव्हत्या. त्या रात्री त्या दोघांना शार्कची भीती वाटली नसेल असं मात्र मी म्हणणार नाही.

ते एकत्र होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काय लिहितात, त्यावरून हे नक्की कळतं.

सोमवार, 26 जानेवारी, सकाळी 8. बोट सुटून सतरा तास

डायव्हरकडे एक छोटी पाटी असते. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून तिच्यावर पेन्सिलीने लिहून एकमेकांना दाखवायचं. त्या पाटीवर त्यांनी लिहिलं. तारीख लिहिली, सकाळी आठची वेळ लिहिली. जो कोणी मदत करू शकेल त्याला उद्देशून लिहिलं, की आउटर एज बोटीने आम्हाला 25 तारखेला दुपारी तीनला अॅजिनकोर्ट प्रवाळावर सोडून दिलं आहे. आम्ही मरण्याआधी आम्हाला वाचवायला या.

ते ‘आम्ही’ वाचताना पोटात कालवतं. सतरा तास पाण्यात काढल्यावर लिहिलेल्या त्या ओळींत तक्रार नाही, शिवी नाही. बोटीचं नाव बरोबर, तारीख बरोबर, वेळ बरोबर. शोधणाऱ्याला जे जे लागेल ते सगळं त्यांनी दिलं. फक्त प्रवाळाचं नाव चुकलं. अॅजिनकोर्ट हा सेंट क्रिस्पिनचा शेजारी. प्रवाशाला आपण कुठल्या जागी उतरतो आहोत हे नीट सांगितलेलं नसेल, तर तो तरी काय लिहिणार.

बोट सुटून एकवीस तास उलटले

ऑस्ट्रेलियात आज राष्ट्रीय सुट्टी. आपल्याकडे प्रजासत्ताक दिन. निफाडच्या शाळांत सकाळी आठला झेंडावंदन होत होतं तेव्हा क्वीन्सलँडमध्ये दुपारचे साडेबारा वाजले होते, सूर्य डोक्यावर. काल रात्री ऊब राखणारा सूट आता अंग भाजतो. काढावा तर तरंगायचं कशाच्या आधाराने?

आणि याच दिवशी आउटर एज नव्या प्रवाशांना घेऊन पुन्हा त्याच परिसरात गेली. डायव्हर खाली उतरले तेव्हा त्यांना तळाशी वजनं सापडली, पाण्यात खाली राहण्यासाठी कमरेला बांधतात ती. ती वर आणली गेली. फुकट मिळालेला माल म्हणून.

इथे मी प्रत्येक वेळी थांबतो. संकटात सापडलेल्या डायव्हरला पहिला धडा हाच शिकवलेला असतो: वजनं सोडून दे, हलका हो, वर राहा. तळाशी पडलेली वजनं म्हणजे कोणीतरी जीव वाचवायची धडपड केल्याची खूण. ती वाचू शकतील अशी माणसं बोटीवर होती. पण कोणीतरी हरवलं आहे हे ठाऊक असलेलाच ती खूण वाचेल, आणि हरवलेलं कोणीच नव्हतं. कालच्या मोजणीत सव्वीस होते.

मंगळवार, 27 जानेवारी. बोट सुटून दोन दिवस

पिशवी उघडली गेली. आत पासपोर्ट, पाकिटं, कपडे. ते जिथे मुक्कामाला होते तिथे चौकशी झाली. दोघं रविवारपासून परतलेच नव्हते. मग पोलीस, मग विमानं, हेलिकॉप्टर, बोटी. तीन दिवस प्रचंड शोध झाला. यंत्रणा होती, माणसं होती, पैसा होता, आणि ती जीव तोडून शोधत होती. दोन दिवस उशिरा.

नंतर

फेब्रुवारीत आयलीनच्या मापाचा सूट किनाऱ्याला लागला. त्याच्या चेनीवर चिकटलेल्या बार्नेकल या कवचधारी समुद्री जीवांची वाढ मोजून शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला, की तो 26 जानेवारीच्या सुमारास अंगावरून निघाला असावा. दोघांची नावं लिहिलेली जाकिटं पोर्ट डग्लसच्या उत्तरेला सापडली, टाक्या सापडल्या, तिच्या पायाचा एक पंख सापडला. सहा महिन्यांनी एका मच्छीमाराला ती पाटी मिळाली, सुमारे 160 किलोमीटर दूर. देह कधीच मिळाले नाहीत. तज्ज्ञांचं म्हणणं पडलं, की ऊन आणि तहान यांनी भ्रम होऊन त्यांनी आपणच जाकिटं, सूट काढून टाकले असावेत, आणि त्यानंतर फार वेळ तरंगणं शक्य नव्हतं.

या सगळ्यात एक गोष्ट फार वाईट झाली. त्यांच्या डायऱ्या सापडल्या आणि त्यातली मनाच्या उदास क्षणी लिहिलेली वाक्यं बाहेर काढून लोक म्हणू लागले, हे आत्महत्येसाठीच गेले होते. कोणी म्हणालं, मरणाचं सोंग करून पळाले. कोणी त्यांना पोर्ट डग्लसमध्येच पाहिल्याचं सांगितलं. वाचवायला या असं लिहिणाऱ्या माणसांबद्दल हे बोललं गेलं. डायरीत खचलेपण लिहिलं नाही असा डायरी लिहिणारा माणूस मला दाखवा. ऑक्टोबर 1998 मध्ये मृत्यूची चौकशी करणारे न्यायाधिकारी नोएल ननन यांनी हे तर्क मानले नाहीत आणि बोटीच्या कप्तानावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालवण्याचा आदेश दिला. 1999 मध्ये तो निर्दोष सुटला. कंपनीने निष्काळजीपणा कबूल केला, दंड भरला, आणि ती बंद पडली. 2003 साली ‘ओपन वॉटर’ नावाचा चित्रपट या घटनेवरून बेतला गेला. त्यात शार्क खूप आहेत.

क्वीन्सलँडने मोजणीचे नियम कडक केले. कोण पाण्यात उतरलं आणि कोण वर आलं याची नोंद ठेवायची, आणि बोट सुटण्याआधी सगळे परत आल्याची खात्री करायची, ही आता तिथे बोटवाल्याची कायद्याने ठरलेली जबाबदारी आहे.

मे 2008 मध्ये त्याच ग्रेट बॅरियर रीफवर, दक्षिणेकडे व्हिटसंडे भागात, आणखी एक जोडपं डायव्ह संपवून वर आलं ते बोटीपासून दोनेकशे मीटरवर. ओढ जोराची होती. त्यांनी हात हलवले, हाका मारल्या, कोणाला दिसले नाहीत, आणि ते वाहत गेले. त्यांनाही रात्र पाण्यात काढावी लागली. पण त्यांच्या बोटीवर दोघं कमी असल्याचं त्याच दिवशी लक्षात आलं, वर्दी त्याच दिवशी गेली, अंधार पडला तरी शोध चालू राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी, साधारण एकोणीस तासांनी, हेलिकॉप्टरने दोघांना जिवंत वर काढलं.